बांग बर्दचा शेतकरी राजपुत्र

थायलंडचा दक्षिणेकडे उतरत गेलेला भाग एका ठिकाणी अगदी चिंचोळा होतो. एका अंगाला म्यानमारची सरहद्द, दुसऱ्या अंगाला आखात. याच पट्टीत, प्राचुआप खीरी खान प्रांताच्या दक्षिण टोकाला, बँकॉकपासून साधारण 400 किलोमीटरवर बांग बर्द आहे. जमीन वाळूची. पाऊस पडला की पाणी खाली निघून जातं आणि जाताना जमिनीतलं सत्त्वही घेऊन जातं. थाई लोक ज्यांना आधुनिक शेतीचे जनक म्हणतात, त्या सिथिपोर्न क्रिदाकोर्न यांनी शेतीसाठी हीच जागा निवडली. त्यांच्या नावाचं संग्रहालय इथेच आहे आणि कासेत्सार्त या कृषी विद्यापीठाचं त्यांच्याच नावाचं संशोधन केंद्रही इथेच.

बँकॉकजवळ पथुम थानीमध्ये राजे भूमिबोल यांच्या गौरवार्थ उभारलेलं कृषी संग्रहालय फार मोठं आहे. त्यापुढे बांग बर्द लहान. पण ज्या मातीत काम झालं त्याच मातीत त्याचं स्मारक असणं मला अधिक मोलाचं वाटतं.

सिथिपोर्न 1883 साली जन्मले. राजे मोंगकुट यांचे ते नातू. शिक्षण इंग्लंडमध्ये, हॅरो शाळेत आणि पुढे लंडनला अभियांत्रिकीचं. मायदेशी परतल्यावर सरकारी नोकरीत ते भराभर वर चढले. टांकसाळ सांभाळली, मग अफू खात्याचे प्रमुख झाले. अफूची मक्तेदारी तेव्हा सरकारकडे होती आणि तिजोरीत तिचा मोठा वाटा होता. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी या सगळ्यावर पाणी सोडलं आणि पत्नी श्रीप्रोमा यांच्यासह बांग बर्दची वाट धरली.

श्रीप्रोमा उत्तरेकडच्या नान संस्थानाच्या अधिपतीची मुलगी. लहान वयात रशिया आणि इंग्लंड पाहिलेली ही बाई रानात येऊन शेताच्या कामाला लागली. हॅम, बेकन, टिकाऊ खाद्यपदार्थ हा तिचा प्रांत. बांग बर्दचं श्रेय एकट्या राजपुत्राला देणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

त्या काळी सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, शेती म्हणजे भात. 1855 च्या बाउरिंग तहानं व्यापार खुला झाला, तेव्हापासून मध्य खोऱ्यातला तांदूळ बाहेर जाऊ लागला आणि देशाचं पोट, महसूल, व्यापार हे सगळं एकाच पिकावर उभं राहिलं. भाव पडला की सगळंच पडायचं. भाताला लागणारं पाणी जिथे नाही, त्या उंचवट्याच्या कोरडवाहू जमिनीकडे कुणी बघतच नव्हतं. सिथिपोर्न यांनी बघितलं. मका, भुईमूग, मूग अशी पिकं त्यांनी फिरवून घेतली. मका कोंबड्यांना आणि डुकरांना, त्यांचं खत पुन्हा शेताला, आणि शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र. वाळूत जे टिकत नाही ते दर हंगामात परत भरायचं, अशी ही रीत. अंड्यांसाठी त्यांनी पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या पाळल्या, व्हर्जिनिया तंबाखू लावून सिगारेटीही केल्या. नाव झालं ते मात्र कलिंगडाचं. अमेरिकी बियाण्यापासून घेतलेलं मोठं, गोड फळ बँकॉकच्या बाजारात बांग बर्दच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं.

जमलेलं लिहून दुसऱ्यांपर्यंत पोचवायचं, हा त्यांचा दुसरा ध्यास. त्यासाठी 1927 साली ‘कसिकोर्न’ हे शेतीविषयक नियतकालिक निघालं. पुढे सरकारनं त्यांना परत बोलावून शेतीखातं सोपवलं. सोंगखला, चियांग माई आणि नाखोन राचासिमा या तीन वेगवेगळ्या हवामानांच्या प्रांतांत प्रयोगकेंद्रं सुरू झाली.

आणि मग घात झाला. 1933 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे थोरले भाऊ बोवोरादेत यांनी, राजाची निरंकुश सत्ता संपवून आलेल्या नव्या राजवटीविरुद्ध बंड केलं. ते फसलं. बंडात सामील असल्याच्या आरोपावरून सिथिपोर्न यांना जन्मठेप झाली. आधी बांग ख्वांगचा तुरुंग, मग अंदमान समुद्रातलं तारुताओ बेट, मग आखातातलं को ताओ. सुटका झाली ती 1944 साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. कैदेतही त्यांनी कोरडवाहू शेतीवर लेखन केलं. बाहेर आल्यावर ते पुन्हा शेतीखात्यात आले, थोडा काळ शेतीमंत्रीही झाले.

माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम याच्याही पुढचं आहे. महायुद्धानंतर थाई सरकार निर्यातीच्या तांदळावर ‘प्रीमियम’ नावाचा कर घेऊ लागलं. निर्यातदार टनामागे ठरलेली रक्कम सरकारजमा करी, तेवढी गिरणीवाल्याच्या भावातून कापी, गिरणीवाला दलालाच्या, आणि दलाल शेतकऱ्याच्या. देशातला तांदूळ स्वस्त राही, शहरं खूश, तिजोरी भरलेली, आणि शेवटच्या वजावटीचा धनी बांधावरचा माणूस. कांदा पिकवणाऱ्या नाशिककडच्या वाचकाला हे वेगळं समजावायला नको. सिथिपोर्न यांचं म्हणणं साधं हिशेबाचं होतं: भाताला मिळणाऱ्या भावात खताचा खर्चच निघत नसेल, तर शेतकरी खत घालणार कशाला? मग उतारा कमी म्हणून त्यालाच अडाणी ठरवायचं, हा अन्याय. वर्षानुवर्षं ते हे लिहीत आणि बोलत राहिले. 1967 साली लोकसेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तरी ते थांबले नाहीत. सयामच्या भातशेतीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं 1970 मध्ये, तेव्हा ते 87 वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

प्रीमियम रद्द झाला 1986 साली. पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. यिंगलक शिनावात्रा यांच्या सरकारनं 2011 पासून टनामागे 15,000 बाहत, म्हणजे बाजारापेक्षा बराच चढा भाव देऊन भात घ्यायला सुरुवात केली. गोदामं भरली, तोटा वाढत गेला, 2014 मध्ये योजना कोसळली आणि शेतकऱ्यांचे पैसे महिनोन्‌महिने अडकले. कलिंगडाची आणि कोंबड्यांची गोष्ट शाळकरी मुलांना सहज आवडते. बांग बर्दला सहली नेणाऱ्या शिक्षकांनी त्यांना भाताच्या भावाची ही गोष्टही तिथेच, त्या वाळूवर उभं राहून सांगावी.