कुंपण शेत का खात नाही?

जन्मून तीन दिवस झालेलं उंदराचं पिल्लू. त्याच्या छातीच्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर, थायमस नावाची इवलीशी ग्रंथी असते. जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी तिथेच शिकून तयार होतात. ती ग्रंथी काढून टाकली तर काय होईल? लढणारे कमी पडतील आणि पिल्लू कुठल्याही जंतूपुढे हात टेकेल, असंच कुणालाही वाटेल.

जपानच्या नागोया शहरातल्या आयची कर्करोग केंद्रात यासुआकी निशिझुका आणि तेरुयो साकाकुरा यांना १९६९ साली दिसलं ते भलतंच. ग्रंथी तिसऱ्या दिवशी काढलेल्या माद्यांचे अंडाशय पार झिजून गेले. पुढे उलगडत गेलं, की हे काम कुठल्या जंतूचं नव्हतंच. उंदरांच्या स्वतःच्याच टी-पेशी त्यांच्या अवयवांवर तुटून पडत होत्या. कुंपणच शेत खात होतं! आणि हीच शस्त्रक्रिया आठवड्याभराने केली, तर पिल्लू सुखरूप राहत होतं.

तिसऱ्याच दिवशी असं काय होतं? या कोड्याने शिमोन साकागुची या तरुण डॉक्टरला पछाडलं. क्योटो विद्यापीठातून १९७६ साली पदवी घेतलेले साकागुची या कोड्यामागे नागोयाला आले. त्यांनी निरोगी उंदराच्या टी-पेशी घेतल्या आणि थायमस काढलेल्या पिल्लांना टोचल्या. आगीत तेल ओतावं तसा हा प्रकार दिसतो. पण पिल्लांना रोग झालाच नाही. म्हणजे टी-पेशींच्या त्या गर्दीत काही पेशी अशा होत्या, ज्या आपल्याच भावंडांचा हात धरून ठेवत होत्या. हा निष्कर्ष १९८२ साली प्रसिद्ध झाला.

पण त्या पेशी नेमक्या कोणत्या? सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या टी-पेशी सारख्याच दिसतात. फरक असतो तो त्यांच्या अंगावरच्या प्रथिनांत. त्यात काळही प्रतिकूल होता. ‘दमन करणाऱ्या टी-पेशी’ ही कल्पना १९७०च्या दशकात फार गाजली होती. पण तिला आधार म्हणून सांगितलेलं जनुक सांगितलेल्या जागी सापडेना, तेव्हा सगळा विषयच बदनाम झाला. बहुतेकांनी तो सोडून दिला. साकागुचींनी सोडला नाही. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांमध्येही ते तोच धागा घेऊन फिरले.

उत्तर हाती यायला १९९५ साल उजाडलं. काही टी-पेशींच्या अंगावर सीडी-२५ नावाचं प्रथिन असतं. साकागुचींनी त्या पेशी चाळून वेगळ्या काढल्या आणि उरलेल्या टी-पेशी, ज्यांच्याकडे स्वतःच्या टी-पेशी नाहीतच अशा उंदरांना दिल्या. त्यांची थायरॉइड, जठर असे अवयव हल्ल्यात सापडले. बाजूला काढलेल्या पेशी परत मिसळल्या, आणि रोग टळला. सीडी-४ गटातल्या टी-पेशींपैकी या जेमतेम दहा टक्के. पण सगळ्या शरीराची शांतता या एक दशांशावर उभी होती. त्यांना आज नियामक टी-पेशी म्हणतात.

दुसरीकडे, अमेरिकेतल्या ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत १९४९पासून उंदरांचा एक दुर्दैवी वंश सांभाळला जात होता. त्यातल्या काही नरांची कातडी खवल्यांसारखी सोलवटायची, प्लीहा फुगायची आणि काही आठवड्यांत ते मरायचे. दोष एक्स गुणसूत्रात होता. पण ते गुणसूत्र म्हणजे सुमारे सतरा कोटी अक्षरांची पोथी! वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल इथे मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी शोधाची जागा आधी पाच लाख अक्षरांपर्यंत, मग वीस जनुकांपर्यंत आणली. एकेक जनुक तपासत गेले, आणि दोष सापडला तो विसाव्यात. त्या जनुकाचं नाव फॉक्सपी-३. हेच जनुक बिघडलं तर माणसांच्या मुलग्यांनाही तान्हेपणीच भयंकर स्वयंप्रतिकार रोग जडतो, हे २००१ साली स्पष्ट झालं.

दोन वर्षांनी हे दोन धागे जुळले. नियामक पेशींना घडवणारं जनुक फॉक्सपी-३च आहे, हे साकागुचींच्या आणि इतरांच्या प्रयोगांतून दिसलं. साध्या टी-पेशीत हे जनुक घातलं की तीही इतरांना आवरू लागते!

आणि त्या आवरतात कशा, हेही थक्क करणारं आहे. लढणाऱ्या पेशींची संख्या वाढायला इंटरल्युकिन-२ नावाचं रसायन लागतं. ते धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचाच एक भाग म्हणजे सीडी-२५. साकागुचींनी जी ओळखखूण म्हणून वापरली, ते खरं तर या पेशींचं तोंडच होतं. त्या आसपासचं इंटरल्युकिन पिऊन टाकतात आणि लढणाऱ्यांची रसदच तुटते.

साकागुची, ब्रंको आणि रॅम्सडेल या तिघांना ६ ऑक्टोबर २०२५ रोजी वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. साकागुची तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. टाइप-१ मधुमेह, ल्युपस, आमवात अशा रोगांत या पेशींचं बळ वाढवता येईल का, याच्या चाचण्या सुरू आहेत. कर्करोगात गणित उलटं असतं. गाठ या पेशींना स्वतःभोवती गोळा करते आणि त्यांच्या आडोशाने वाढते, म्हणून तिथे त्यांना दूर सारण्याची धडपड चालू आहे.

आता पुन्हा त्या पिल्लाकडे जाऊ. थायमसमधून लढणाऱ्या पेशी आधी बाहेर पडतात, राखणाऱ्या थोड्या मागून येतात. तिसऱ्या दिवशी ग्रंथी काढली, तेव्हा पहिल्या निघून गेल्या होत्या आणि दुसऱ्यांची वाट बंद झाली. आठवड्याभराने काढली, तोवर राखणारे शेतावर पोहोचले होते. आपलं थायमस स्वतःवरच उलटू शकणाऱ्या बहुतेक पेशी वेळीच मारून टाकतं, पण काही निसटतातच. त्या आत्ताही तुमच्या-माझ्या रक्तात फिरत आहेत. तरी आपली थायरॉइड, आपलं स्वादुपिंड, आपले सांधे शाबूत आहेत, कारण त्यांच्यासोबत त्यांना आवरणारेही फिरत आहेत, रात्रंदिवस.