‘बिबट्यासदृश’ म्हणजे नक्की कोण?

आधी एक खुलासा. खंडाळा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला लोणावळ्याशेजारचा घाट आठवतो, धुकं आठवतं, चिक्की आठवते. हा तो खंडाळा नव्हे. हा सातारा जिल्ह्यातला, पुण्याहून निघाल्यावर नीरा नदी आणि शिरवळ मागे टाकलं की खंबाटकी घाटाच्या अलीकडे लागणारा. सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव नायगाव याच तालुक्यातलं. शिरवळला कारखाने आले, हायवेलगत प्लॉट पडले, ज्वारीच्या रानात बंगल्या उभ्या राहिल्या. बंगलीला कंपाउंड, कंपाउंडात पपई, शेवगा, एखादं आंब्याचं झाड आणि गेटावर सीसीटीव्ही. भिंतीपलीकडे मात्र अजून माळ आहे, ओढा आहे, कॅनॉलच्या पाण्यावरचा ऊस आहे.

अशाच एका घराचा प्रसंग धरून चालू. रात्री अडीचच्या सुमारास कंपाउंडच्या भिंतीवरून एक लांबट प्राणी चालत गेला. कॅमेऱ्यात नऊ सेकंदांचं काळंपांढरं चित्र आलं. चकाकणारे दोन डोळे आणि मागे लोंबणारं भलं लांब शेपूट. सकाळी चहाच्या आत ते सोसायटीच्या ग्रुपवर पडलं. पहिला म्हणाला, बिबट्या. दुसरा म्हणाला, पिल्लू असेल, म्हणजे मादी जवळच आहे. तिसऱ्यानं ते गावाच्या ग्रुपवर ढकललं आणि संध्याकाळपर्यंत ‘परिसरात बिबट्यासदृश प्राण्याचा वावर, नागरिकांत भीतीचं वातावरण’ अशी बातमी तयार झाली.

हा ‘सदृश’ शब्द मला फार मजेशीर वाटतो. तो बातमीदाराला वाचवतो, पण प्राण्याला वाचवत नाही. कारण लोकांच्या डोक्यात शिरतो तो फक्त पहिला शब्द.

घोटाळ्याचं मूळ डोळ्यांत कमी आणि भाषेत जास्त आहे. आपल्याकडे खेड्यात ‘वाघ आला’ म्हणजे बहुतेक वेळा बिबट्याच असतो. खरा वाघ सांगायचा तर पट्टेरी किंवा ढाण्या असं विशेषण लावावं लागतं. पुस्तकातला ‘कोल्हा’ इंग्रजी गोष्टींतून येऊन झुबकेदार शेपटीचा झाला, पण आपला कोल्हा वेगळा आणि माळावरचं छोटं, सडपातळ, शेपटीच्या टोकाला काळं असलेलं खोकड वेगळं. ‘रानमांजर’ तर निव्वळ गाठोडं आहे. त्यात बाऊल, वाघाटी, उदमांजर आणि जवादी मांजर असं सगळं कोंबलेलं असतं. यातली शेवटची दोन मुळात मांजरंच नाहीत, त्यांचं कूळ निराळं. उदमांजराला कोकणात कुणी कांडेचोर म्हणतं, विदर्भाकडे मसन्याऊद. मसण म्हणजे स्मशान. ते मढी उकरतं असा समज त्या नावात बसलाय आणि बिचारं खातं मुख्यतः फळं. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीत रानातल्या लोकांकडून प्राण्यापक्ष्यांची नावं टिपून ठेवली. ती आपण वाचली, कौतुक केलं आणि बोलताना परत ‘रानमांजर’च म्हणू लागलो.

तर मग ओळखायचं कसं? तोंडाकडे बघून नव्हे. रात्रीच्या चित्रात तोंडातलं काही धड दिसत नाही. कॅमेऱ्याच्या अदृश्य उजेडात गाय, कुत्रं, मांजर सगळ्यांचेच डोळे बल्बसारखे पेटतात, त्यामुळे ‘डोळे बघा कसे चमकतायत’ हा पुरावाच नाही. शिवाय कॅमेऱ्याचं भिंग रुंद कोनाचं असतं. जवळून गेलेलं मांजर त्यात वासराएवढं दिसू शकतं.

म्हणून पहिलं काम आकार मोजण्याचं, आणि त्याला एक वीट पुरते. दिवसा जाऊन प्राणी भिंतीवर जिथे होता बरोबर तिथे वीट उभी करायची. साधी वीट नऊ इंचांची. मग त्याच कॅमेऱ्यातून बघायचं आणि रात्रीचं चित्र शेजारी ठेवायचं. पुऱ्या वाढीचा बिबट्या खांद्याशी साठ-सत्तर सेंटीमीटर भरतो, म्हणजे एकावर एक जवळजवळ तीन विटा. आपल्या नऊ सेकंदांतला प्राणी एका विटेच्या आसपासच भरला, तर निम्मा ग्रुप तिथेच गप्प बसायला हवा. बसत नाही, ती गोष्ट वेगळी. ‘पिल्लू’ हा मुद्दा उरतोच.

तेव्हा शेपूट बघायचं. उदमांजराचं शेपूट जवळजवळ अंगाएवढंच लांब, गडद, वळी नसलेलं. पाय आखूड, अंग जमिनीला धरून, चाल मुंगसासारखी वाहती. जवादी मांजराच्या शेपटीवर बांगड्या भरल्यासारखी काळीपांढरी वळी असतात, अंगावर ठिपक्यांच्या रांगा असतात, आणि ते शक्यतो जमिनीवरच वावरतं. भिंती, फांद्या, कौलं हा उदमांजराचा प्रांत. बाऊल म्हणजे खरं रानमांजर: उंच पायांचं, मातकट, अंगावर ठिपका नाही, कानाच्या टोकाला केसांचा बारीक झुपका, शेपूट अंगाच्या मानानं तोकडं आणि टोकाकडे काळी वळी. वाघाटी मात्र भल्याभल्यांना चकवते. अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर पट्टे, म्हणून ‘बिबट्याचं पिल्लू’ म्हणून तीच आधी पकडली जाते. प्रत्यक्षात ती जगातल्या सर्वांत लहान मार्जारांपैकी एक. पुरी वाढलेली वाघाटी दीड किलोच्या आसपास, म्हणजे घरच्या बोक्याच्या निम्मीही नाही. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढ्याच तीन देशांत ती सापडते. बिबट्याच्या पिल्लाचं शेपूट जाड दोरखंडासारखं असतं, पंजे अंगाच्या मानानं थोराड आणि ठिपके जरा वाढल्यावर फुलासारखे उमलू लागतात.

आणि कुत्र्यापेक्षा मोठं, पुढून उंच, मागून बसकं, मानेवर केसांची आयाळ, अंगावर उभे पट्टे असं काही दिसलं तर ते तरस. लंगडल्यासारखी चाल बघून ‘जखमी वाघ’ अशीही अफवा उठू शकते. त्याची विष्ठा वाळून खडूसारखी पांढरी पडते, कारण ते हाडं चावून पचवतं. अंगणात अशी पांढरी लेंडकं दिसली तर घाबरण्याआधी जवळपास मेलेली जनावरं कुठे टाकतात ते विचारावं.

माग काढण्याची आपली जुनी विद्या धनगरांकडे अजून शिल्लक आहे. रात्री वाड्याभोवती लांडगा फिरला की कुत्रा, हे ते सकाळी मातीवरून सांगतात. आपल्याला तेवढं नाही जमणार, पण प्राथमिक गणित सोपं आहे. मांजरकुळातलं जनावर चालताना नखं आत ओढून घेतं, म्हणून ठशात नखं उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा, लांडगा आणि तरस यांची उमटतात. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढावा. काडेपेटीची लांबी साधारण पाच सेंटीमीटर. बिबट्याचा ठसा तिच्यापेक्षा सरळ रुंद, घरच्या मांजराचा तिच्यात सहज मावणारा. काडेपेटी नसेल तर दहाचं नाणं चालेल, त्याचा व्यास २७ मिलिमीटर. मापाविना काढलेला ठशाचा फोटो म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

इथे उलट बाजूही सांगायला हवी. ‘बिबट्या इकडे कशाला येईल, इथे जंगल कुठाय’ हा युक्तिवाद तितकाच चुकीचा. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात ऊसमळे आणि वस्त्यांमध्ये आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आणि तेवढेच तरस निघाले. माणसं मात्र दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर! त्याच कॅमेऱ्यांत बाऊल, वाघाटी, जवादी मांजर, कोल्हा, खोकड हेही आले. निबंधाच्या शीर्षकातच ‘आपल्या परसातली मोठी मांजरं’ अशा अर्थाचे शब्द होते. तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनानं सर्वाधिक वाटा होता कुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के. म्हणजे परसात बिबट्या आला तर तो बहुधा आपल्यासाठी नाही, उकिरड्यावरच्या कुत्र्यासाठी आलेला असतो. देशभरातल्या २०२२ च्या मोजणीत महाराष्ट्रात १,९८५ बिबटे धरले गेले, पण ती मोजणी प्रामुख्यानं जंगलांतली. उसातला बिबट्या तिच्यात फारसा येत नाही.

नाव चुकलं म्हणून काय बिघडतं, असं कुणी विचारेल. ‘बिबट्या’ म्हटलं की लगेच पिंजऱ्याची मागणी होते, आणि पिंजऱ्याचं काय होतं ते जुन्नरनं पाहिलंय. २००१ ते २००३ या काळात तिथे मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. त्याआधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत, ते त्या काळात सतरापर्यंत चढले. शांतपणे राहणारं जनावर उचलून अनोळखी मुलखात टाकलं की जे होणार तेच झालं. ऊसतोडीच्या दिवसांतही चुकीचं नाव महागात पडतं. फडात पिल्लं सापडली की ती उचलून घरी आणली जातात, मोबाइलवर फोटो निघतात, दूध पाजलं जातं. बाऊलीची असोत की बिबट्याची, ती आईकडे परत जाण्याची संधी पहिल्या एक-दोन रात्रींतच असते. जिथे सापडली तिथेच ठेवायची, माणसांनी लांब व्हायचं आणि वनखात्याच्या १९२६ या मोफत क्रमांकावर फोन करायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पिल्लू घरात ठेवणं हा गुन्हाही आहे, पण मला वाटतं, हे आधी सांगितलं की लोक फोनच करत नाहीत.

आता आपल्या नऊ सेकंदांकडे. वीट झाली, शेपूट झालं. परसात फिरून पाहिलं तर पपईच्या झाडावरचं पिकलेलं फळ वरच्या अंगानं पोखरलेलं. भिंतीच्या कोपऱ्यावर विष्ठा, आणि तिच्यात पपईच्या काळ्या बिया जशाच्या तशा. बिबट्या पपई खात नाही. भिंतीवर बिबट्याही चालू शकतो, हे खरं, पण एवढ्या सगळ्या खुणा एकत्र जुळल्यावर उरतं ते उदमांजर. दोन ते पाच किलोचं, निशाचर, एकटं. याच जातीनं कॉफीची फळं खाऊन टाकलेल्या बिया वेचून इंडोनेशियात जगातली एक महागडी कॉफी बनते. आपल्याकडे त्याच कामासाठी त्याच्यामागे काठ्या घेऊन धावतात.

ते राहतं कुठे? बहुतेक तुमच्याच माळ्यावर, किंवा शेजारच्या बंद घराच्या. पत्र्यावर रात्री कुणीतरी जड पावलांनी चालतंय असं दोन-तीन महिने वाटत असेल तर तेच. छताला टेकलेली आंब्याची फांदी छाटावी, कौलांमधली फट बुजवावी, मात्र आत पिल्लं नाहीत याची खात्री करून. असतील तर ती स्वतः बाहेर फिरू लागेपर्यंत फट राहू द्यावी. वरची पिकलेली पपई मात्र तोवर त्यांचीच.