क्रांती चौकातली झाडं लाल का दिसतात?

सेंटिनेल-2 उपग्रहाने टिपलेलं छत्रपती संभाजीनगर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. आठवा बँड लाल रंगाला, चौथा हिरव्याला, तिसरा निळ्याला द्या. जालना रोड निळसर-राखाडी होतो आणि क्रांती चौकाच्या आसपासच्या वस्त्यांत, सिद्धार्थ उद्यानात, हिमायत बागेत लालभडक ठिपके उमटतात. पहिल्यांदा पाहणारा विचारतो, "इथं आग लागलीय का?" शेजारचा जाणकारपणे सांगतो, "नाही हो, हे तापमान." दोघंही चुकतात. ती झाडं आहेत.

गैरसमज : चित्रातला रंग हा त्या वस्तूचा रंग असतो.

उपग्रहाचा प्रत्येक बँड म्हणजे आकड्यांचा एक तक्ता असतो. त्याला स्वतःचा रंग नसतो. आठवा बँड सुमारे 842 नॅनोमीटरचा प्रकाश मोजतो. आपली नजर त्याच्या बरीच आधी, 700च्या आसपास थकते. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि हा जवळचा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. पडद्याकडे मात्र लाल, हिरवा, निळा एवढे तीनच रंग. न दिसणारा प्रकाश दाखवायचा तर त्यातला एखादा उसना द्यावा लागतो, आणि तो लाल असावा ही रीत अवरक्त फिल्मच्या काळापासून चालत आली. आपल्याकडे ती आणखी घट्ट रुजली, कारण भारतीय उपग्रहांवरच्या लिस-3 कॅमेऱ्यात निळा बँडच नाही. हिरवा, लाल, जवळचा अवरक्त आणि लघुतरंग अवरक्त असे चारच. त्यामुळे वर्षानुवर्षं ही चित्रं वाचणाऱ्याला पैठण-गंगापूरकडचा ऊस लालच दिसायला हवा असतो. हिरवा दिसला तर तोच दचकतो.

सूक्ष्मदर्शकाखालीही हेच घडतं. फ्लुरोसन्स चित्रं घेणारे बरेचसे कॅमेरे कृष्णधवल असतात. पेशीचं केंद्रक निळं आणि बाकीचा सांगाडा हिरवा दिसतो, तो रंग इमेजजेसारख्या सॉफ्टवेअरने प्रत्येक चॅनेलला नेमून दिलेला असतो. तिथेच दुसरी फसगत होते. लाल आणि हिरवा चॅनेल एकावर एक येऊन पिवळा डाग दिसला की दोन प्रथिनं एकाच जागी आहेत, असा निकाल झटकन दिला जातो. एका चॅनेलचा उजळपणा थोडा चढवला की तो पिवळा वाढतो, उतरवला की नाहीसा होतो. पिवळ्यावर विसंबून निष्कर्ष काढणं मला धाडसाचं वाटतं. आकड्यांचा परस्परसंबंध मोजावा.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही आहे : अशा चित्रांतले सगळे रंग बनावट. जून 2020मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा नासाने लँडसॅट-8ची 25 मे आणि 10 जूनची चित्रं दाखवली. ती नैसर्गिक रंगातली होती. लाल बँड लाल रंगाला, हिरवा हिरव्याला, निळा निळ्याला. तो गुलाबी रंग खरोखर पाण्यातच होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यामागे मिठात वाढणारे सूक्ष्मजीव आढळले.

गैरसमज : चित्र काळं उघडलं म्हणजे फाइल बिघडली.

बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते. सोळा बिटांच्या फाइलमध्ये 0 ते 65535 इतके आकडे मावतात. शहरातले पिक्सेल मात्र दोन-तीन हजारांच्या आसपास घोटाळतात. सॉफ्टवेअरने अख्खी पट्टी पडद्याच्या 256 पायऱ्यांवर पसरली, तर 2000 हा आकडा जेमतेम आठव्या पायरीवर पोचतो. तो डोळ्याला काळाच. म्हणून क्यूजीआयएसमध्ये बहुधा दोन्ही टोकांचे दोन-दोन टक्के पिक्सेल वगळून उरलेल्यांवर उजेड पसरतात.

हा उजेड फक्त पडद्यावर असतो, खालचे आकडे जागचे हलत नाहीत. इमेजजेत आठ किंवा सोळा बिटांच्या चित्रावर ब्राइटनेसची पट्टी सरकवली तरी तेच. पण तिथे 'अप्लाय' नावाचं एक बटण आहे. ते दाबून चित्र जतन केलं की आकडेच बदलतात, आणि मूळ प्रत नसेल तर परत येत नाहीत.

गैरसमज : दोन तारखांची चित्रं शेजारी ठेवली की हिरवळ घटली की वाढली, हे डोळ्यांनी कळतं.

क्यूजीआयएसमध्ये उजेडाची मर्यादा 'अपडेटेड कॅनव्हास'वर ठेवली, तर तुम्ही जिथे सरकाल तिथल्या आकड्यांवरून ती नव्याने ठरते. क्रांती चौकाची झाडं एका क्षणी गडद आणि नाथसागर जलाशयाचं पाणी चौकटीत आलं की फिकट. झाडांना काहीच झालेलं नसतं. दोन्ही चित्रांना किमान-कमाल आकडे हाताने सारखे द्यावे लागतात. सेंटिनेल-2च्या बाबतीत त्यानेही भागत नाही : 25 जानेवारी 2022पासून नव्या प्रक्रियेत प्रत्येक आकड्यात 1000 मिळवलेले असतात. 2021 आणि 2023ची मूळ चित्रं तशीच ताडून पाहिली, तर सगळं शहर उजळल्यासारखं वाटेल. शिवाय मराठवाड्यात एप्रिल आणि सप्टेंबर यांची तुलना करून झाडं वाढली म्हणणं, हे सॉफ्टवेअरच्या आधीचंच अज्ञान झालं.

तापमानाचं थोडक्यात. सेंटिनेल-2वर औष्णिक बँडच नाही. लँडसॅट-8वर आहे, पण तो 100 मीटरला एक नोंद घेतो, सकाळी साडेदहा ते अकराच्या दरम्यान, आणि ती डांबराची, पत्र्याची, मातीची असते, हवेची नव्हे. तापमानाच्या लाल नकाशावरून 'चौकात इतके अंश' असं सांगता येत नाही.

गैरसमज : मोठं करत गेलं की तपशील वाढतात.

सेंटिनेल-2च्या चार बँडांचा पिक्सेल 10 मीटरचा, सहांचा 20चा आणि तिघांचा 60चा. क्रांती चौकातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आकाशातून पाहिला, तर त्याला एक अख्खा पिक्सेलही मिळत नाही. 20 मीटरचा अकरावा बँड 10 मीटरच्या बँडांसोबत रंगवला की सगळंच सारखं रेखीव भासतं. ती करामत सॉफ्टवेअरची.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जेपीईजीवरून हिरवळीचा निर्देशांक काढू पाहणाऱ्यांसाठी एवढंच : जेपीईजीत तीनच रंग उरतात आणि प्रत्येकाचा उजेड वेगळ्या मापाने पसरलेला असतो. चौथ्या आणि आठव्या बँडचं खरं प्रमाण त्यातून परत मिळत नाही. मूळ जिओटिफ फाइल उघडा, आयडेंटिफायचं बटण निवडा आणि चौकातल्या एखाद्या लाल ठिपक्यावर टिचकी मारा. प्रत्येक बँडचा आकडा समोर येतो.