लेखीत पास, प्रॅक्टिकलमध्ये नापास



रविवारची वंदना आटोपून निघालो होतो, तेव्हा विहाराच्या पायरीवर एका आईने आम्हाला थांबवले. मुलगी जीएनएमच्या पहिल्या वर्षाला. लेखी पेपरांत गुण चांगले, पण प्रॅक्टिकलमध्ये नापास. “हाताने तर तिला सगळं येतं. माझ्या सासूचं अंथरुणातलं सगळं तिनंच केलं. मग नापास कशी? पैसे हवे होते का त्यांना? का आडनाव बघितलं?”

या दोन्ही शंका आम्ही हसण्यावारी नेणार नाही. त्यावर पुढे बोलू. पण आधी पुढच्या रविवारी त्या मुलीला बोलावले, सतरंजीवर तिच्या आईलाच बसवले आणि म्हटले, ब्लडप्रेशर घे. पट्टा नीट बांधला, आकडाही बरोबर आला. मात्र हात धुतले नव्हते. आपण काय करणार हे आईला सांगितले नव्हते. आई मध्येच शेजारणीशी बोलत होती, तिला थांबवले नाही. आणि आकडा तोंडी सांगितला, कागदावर लिहिला नाही. काम झाले होते, पण परीक्षेत निम्मे गुण तिथेच गेले असते.

वस्तीतल्या पुष्कळ मुली एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग करतात. घरच्यांना लेखी परीक्षा कळते, कारण ती शाळेसारखी असते. प्रॅक्टिकल मात्र बंद दाराआडची गोष्ट वाटते, म्हणून आत काय चालते ते सांगतो.

नर्सिंगमध्ये लेखी आणि प्रॅक्टिकल यांत वेगवेगळे पास व्हावे लागते. दोन्हीकडे निदान ५० टक्के हवेत. लेखीतले जास्तीचे गुण प्रॅक्टिकलच्या मदतीला येत नाहीत. परीक्षक दोन असतात. एक त्याच संस्थेतल्या, त्यांना मुली इंटर्नल म्हणतात, आणि दुसऱ्या बाहेरून आलेल्या, त्या एक्स्टर्नल. सकाळी युनिफॉर्ममध्ये हजर व्हायचे, जर्नल आणि केसबुक दाखवायचे. मग वॉर्डातला एक पेशंट वाट्याला येतो. त्याची माहिती घ्यायची, तपासायचे, त्याला कशाची गरज आहे हे ठरवून काळजीचा आराखडा लिहायचा. त्यानंतर सांगितलेले एखादे काम करून दाखवायचे: अंथरुणातली आंघोळ, ड्रेसिंग, इंजेक्शन, नाकातून नळीने अन्न देणे, बाळंतिणीची तपासणी, जे त्या वर्षाला असेल ते. शेवटी व्हायवा, म्हणजे तोंडी प्रश्न.

हल्ली दुसरीही एक पद्धत आली आहे, ऑस्की. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात रोनाल्ड हार्डन या डॉक्टरांनी ती वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मांडली. बी.एस्सी. नर्सिंगच्या २०२१च्या सुधारित अभ्यासक्रमात ती आहे, आणि आपल्या ज्या मुली नोकरीसाठी इंग्लंडला जातात त्यांनाही तिथे ती द्यावी लागते. एका हॉलमध्ये टेबले मांडलेली असतात. प्रत्येक टेबलावर एकेक काम. घंटा वाजली की काम सुरू, पुन्हा वाजली की हातातले सोडून पुढच्या टेबलावर. परीक्षकाच्या हातात यादी असते: हात धुतले का, नाव विचारले का, परवानगी घेतली का. केले तर खूण, नाही केले तर नाही. परीक्षक हसत नाही, मान हलवत नाही. आमच्या मुली या गप्प बसण्याने फार घाबरतात. वाटते, आपले काहीतरी चुकले. तसे काही नसते. सगळ्या मुलींना सारखे मोजावे म्हणून परीक्षकाने गप्प राहायचे असते. हार्डन यांचा रोखही तोच होता. परीक्षकाच्या मर्जीवर आणि पेशंटच्या नशिबावर मुलांचे पास-नापास ठरू नये. आडनावाची धास्ती घेऊन परीक्षेला जाणाऱ्या आमच्या मुलींना म्हणूनच ही यादी खरे तर सोयीची आहे. यादीला आडनाव नसते.

आता मुद्द्याचे. परीक्षकाला तुमच्या मनातले दिसत नाही. जे हाताने दिसले आणि तोंडाने ऐकू आले, त्यालाच गुण. घरात आजीची सेवा करताना मुलगी मुकाट्याने करते, कारण आजीला सगळे ठाऊक असते. परीक्षेत तीच मुकाट्याची सवय नडते.

आम्ही स्वतः पहिल्या वर्षाला असताना हे शिकलो, आणि महागात शिकलो. अंथरुणातल्या आंघोळीचे काम होते. पाणी कोमट, ट्रे नीट लावलेला, मॅकिंटॉश अंथरलेले, चादर सुरकुतीशिवाय. आम्ही खुशीत होतो. एक्स्टर्नल सिस्टर पुढे आल्या. आम्हाला काही न विचारता त्यांनी खाटेवरच्या बाईला विचारले, “हिनं तुम्हाला काय करणार ते सांगितलं का?” बाई म्हणाली, “न्हाई बा. आली न् पदर काढला.” स्क्रीनही आम्ही अर्धाच ओढला होता. त्या दिवशी कसेबसे पास झालो, पण त्या बाईचे वाक्य अजून कानात आहे. आपल्या आया-मावश्यांना सरकारी दवाखान्यात असेच न विचारता उघडे केले जाते म्हणून आपण चिडतो, आणि युनिफॉर्म अंगावर चढल्यावर आम्हीही तेच केले होते.

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची गोष्ट येते. पोट बिघडून तो स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो, कोणी जवळ जात नाही. भगवान बुद्ध आधी त्याला विचारतात, काय होते आहे, तुझ्याजवळ कोणी आहे का. मग आनंदाला पाणी आणायला सांगतात. बुद्ध पाणी घालतात, आनंद धुतो. नंतर एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर ठेवतात. विहारातल्या वर्गात आम्ही ही गोष्ट सांगतो ती त्यातल्या क्रमासाठी. आधी विचारणे, मग साहित्य, मग काम, आणि उचलताना दोघे. नर्सिंगच्या पुस्तकातही हाच क्रम आहे.

विचारण्याचीही रीत असते. “तुम्ही शांताबाई ना?” असे विचारू नका. ऐकायला कमी येणारी म्हातारी कशालाही हो म्हणते. “मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा,” असे विचारा आणि केसपेपरशी ताडून पाहा. औषध चुकीच्या माणसाला जाण्याचा धोका इथेच टळतो. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, या पाच गोष्टी मुलींना पाठ असतात, पण पाठ असणे आणि बाटलीचे लेबल तीन वेळा वाचताना दिसणे यांत फरक आहे. कपाटातून घेताना एकदा, भरताना एकदा, देण्याआधी एकदा. ओठातल्या ओठात नको, ऐकू येईल असे वाचा.

हात धुण्यावर सर्वांत जास्त गुण सांडतात. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हाताला चोळायचे द्रव असेल तर २० ते ३० सेकंद. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोके. अंगठी, बांगड्या, मनगटी घड्याळ आधीच काढलेले. काम संपल्यावर पुन्हा धुवायचे असतात, आणि नेमके हेच विसरते.

इंजेक्शनमध्ये कोन विचारतात: स्नायूत ९० अंश, कातडीखाली साधारण ४५, कातडीच्या आत १० ते १५. हे सगळ्या सांगतात. अडतात त्या नंतरच्या कामात. सुईवर टोपण परत लावायचे नाही. हब कटरने सुई कापायची. सुई पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा बोळा पिवळ्या पिशवीत, काचेची कुपी निळ्या डब्यात. २०१६च्या नियमांतले हे रंग आहेत. यात चुकणे म्हणजे दुसऱ्या दिवशी कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हातात सुई जाणे, आणि तो माणूस बहुतेक वेळा कुठल्या वस्तीतून येतो हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

चूक झाली तर? ड्रेसिंग करताना निर्जंतुक हातमोजा खाटेला लागला तर? लपवू नका. “माझा हातमोजा आता निर्जंतुक राहिला नाही, मी दुसरा घालते,” असे म्हणा आणि बदला. अनुभवी परीक्षक अशा मुलीला पाडत नाही. चूक लक्षात येऊनही तशीच पुढे जाणारी मुलगी मात्र त्यांना धोक्याची वाटते, आणि ते बरोबरच आहे.

घरच्यांनी काय करावे? पहिले म्हणजे रोज अर्धा तास पेशंट व्हा. मुलीला तुमची नाडी मोजू द्या, ताप पाहू द्या, श्वास मोजू द्या. श्वास पूर्ण मिनिट मोजतात आणि मोजतोय हे सांगत नाहीत, नाही तर माणूस वेगळाच श्वास घेऊ लागतो. म्हणून हात नाडीवरच ठेवून छातीकडे पाहायचे. ब्लडप्रेशरसाठी पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर. चहा किंवा मिश्री अर्ध्या तासात झालेली नको. तंबाखूने आकडा वर जातो. शिकणारी मुलगी चार जणांचे ब्लडप्रेशर घेते तेव्हा एखाद्या आत्याचे वाढलेलेही सापडते. आमच्या रविवारच्या वर्गात असे झाले आहे, दवाखान्यात पाठवावे लागले.

मात्र इंजेक्शनचा सराव माणसावर घरी करू देऊ नका. त्यासाठी संत्रे किंवा स्पंज पुरते, पाणी भरून. आणि शेजारी “तू नर्सच ना, एवढं सलाइन लाव की” म्हणत आले तर आई-बापांनीच ठाम नाही म्हणावे. मुलगी अजून विद्यार्थिनी आहे. घरात कुणाला रिअ‍ॅक्शन आली तर तिच्याजवळ ना डॉक्टर, ना औषध, आणि बोल तिच्याच माथी.

दुसरे, हजेरी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि पदविका हातात पडण्यापूर्वी वॉर्डातले प्रॅक्टिकलचे तास पूर्ण १०० टक्के भरावे लागतात. चुलत बहिणीच्या हळदीसाठी चार दिवस घरी ठेवलेली मुलगी ते चार दिवस नंतर भरून काढते, मैत्रिणी घरी गेल्यावर. जर्नलवर वेळच्या वेळी सही नसेल तर शेवटच्या आठवड्यात ट्यूटरच्या मागे धावणे आलेच. आमच्या काळात आम्हीही धावलो आहोत.

आता त्या आईच्या दोन शंका. काही ठिकाणी एक्स्टर्नलच्या पाहुणचारासाठी म्हणून मुलींकडून पैसे गोळा करतात. त्याचा गुणांशी संबंध जोडला जात असेल तर पावती मागा, एकटीने नव्हे, पाच-सहा जणींच्या पालकांनी मिळून. पावती मागितली की बरेचदा वर्गणी आपोआप ऐच्छिक होते. आणि व्हायवात “आडनाव काय, गाव कुठलं, कोणत्या कोट्यातून” असे विचारले तर? असे होते, हे आम्हाला माहीत आहे. त्या क्षणी मुलीने भांडू नये, डोळ्यांत पाणीही आणू नये. सरळ उत्तर द्यावे आणि म्हणावे, “मॅडम, पुढचा प्रश्न विचारा.” बाहेर आल्यावर लगेच तारीख, वेळ, प्रश्नाचे शब्द, आणखी कोण हजर होते हे वहीत लिहावे. मग प्राचार्यांना लेखी अर्ज आणि अर्जाची पोच. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. पण गुण कमी आले की लगेच जातीवर नेऊ नका. आधी कुठली पायरी सुटली ते तपासा. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, आणि ज्या मुलीचे काम चोख आहे तिच्या तक्रारीला वजन येते.

इंग्रजीची भीती वेगळीच. नाव इंग्रजीतच पाठ करा, कारण केसपेपरवर ते तसेच लिहिलेले असते. पण एखादे कारण समजावताना अडले तर “मराठीत सांगू का?” असे विचारायला लाजू नका. गप्प राहण्याला शून्य असते.

ती मुलगी आता फेरपरीक्षेला बसते आहे. दर रविवारी दुपारी तीनला विहारात येते, आणि तिची आई पेशंट म्हणून सतरंजीवर आडवी होते. आता आईच तिला टोकते, “अगं, हात धुतलेस का?” मागच्या वेळी तर आई म्हणाली, त्या नाक्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला गेले तेव्हा मी म्हटलं, सिरिंजचं पाकीट माझ्यासमोर फोडा.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण नको. नखे कापा, केस बांधायच्या पिना, दोन पेन आणि जर्नल पिशवीत काढून ठेवा. सकाळी पोहे-चपाती काहीतरी खाऊनच निघा. उपाशीपोटी वॉर्डात उभ्या राहिलेल्या मुली चक्कर येऊन पडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. आणि युनिफॉर्मला लावायच्या घड्याळाचा सेकंदकाटा फिरतो आहे ना, ते पाहून घ्या. नसेल तर सेल रात्रीच बदला.