उंदराच्या रक्ताला लावलेली शाई

तांबडी रक्तपेशी किती दिवस जगते, हे कसे मोजायचे? पेशी काही जन्मदाखला घेऊन फिरत नाही. रक्ताच्या एका थेंबात काल जन्मलेल्या आणि उद्या मरणाऱ्या पेशी शेजारी शेजारी वाहत असतात.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डेव्हिड शेमिन यांनी त्यासाठी स्वतःवरच प्रयोग केला. जड नायट्रोजन असलेले ६६ ग्रॅम ग्लायसिन त्यांनी तीन दिवसांत खाल्ले. त्या सुमारास तयार झालेल्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये तो नायट्रोजन बसला, आणि तो नाहीसा होईपर्यंत ते आपले रक्त तपासत राहिले. १९४६ मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले: सुमारे १२७ दिवस.

उंदराचे काय? त्याच्या अंगात रक्त जेमतेम दीड-दोन मिलिलिटर. म्हणून आता युक्ती केली जाते ती मतदानाच्या शाईसारखी. बायोटिन हे जीवनसत्त्व चिकटेल अशा रूपात शेपटीच्या शिरेतून टोचायचे. त्या दिवशी रक्तात असलेल्या, लहान-मोठ्या जवळजवळ सर्व पेशींवर खूण बसते. नंतर जन्मणाऱ्या कोऱ्या राहतात. मग दर काही दिवसांनी शेपटीतून थेंबभर रक्त घ्यायचे. बायोटिनला धरणारे, चमकणारे रसायन त्यात मिसळले की फ्लो सायटोमीटर हे यंत्र हजारो पेशी एकेक करून पाहते आणि खुणेच्या किती उरल्या ते सांगते.

निरोगी उंदरात विसाव्या दिवशी साधारण निम्म्या उरतात आणि चाळिसाच्या आसपास संपतात. आलेखावर ही घट बरीचशी सरळ रेषेत उतरते. म्हणजे पेशी बहुतांशी म्हातारपणाने मरतात. वयाचा विचार न करता मृत्यू गाठत असता, तर रेषा आधी झपाट्याने घसरून मग रेंगाळली असती. मला या सगळ्यात ही रेषाच फार बोलकी वाटते.

माणसाचा सिकलसेल आजार ज्यांच्यात उतरवला आहे, त्या उंदरांत खूण काही दिवसांतच पुसली जाते. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी भागांत हा आजार घरोघरी परिचयाचा. अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी दहा ते वीस दिवसच टिकतात. त्याला मधुमेहही असेल, तर तीन महिन्यांच्या साखरेची ‘एचबीए१सी’ तपासणी फसवते. हिमोग्लोबिनला साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटा कमी येतो. तेव्हा डॉक्टरांना आजाराची कल्पना देऊन रोजच्या साखरेवरच लक्ष ठेवावे लागते.