वैशाखातल्या तुरळक उल्का

पडलेला पाऊस मोजून पिकं ठरवणारं गाव, ही नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारची ओळख. पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी तिथे पाण्याच्या ताळेबंदाची शिस्त घालून दिली. उल्का पाहणाऱ्याने हीच शिस्त अंगी बाणवावी, असं मला मनापासून वाटतं. विशेषतः वैशाखातल्या तुरळक वर्षावांसाठी.

मे महिन्यात या डोंगराळ, कोरड्या मुलखात रात्री बहुधा निरभ्र असतात. अंगणात बाज टाकून झोपणाऱ्यांना तारा तुटताना हमखास दिसतो. तो तारा नसतो, हे आपण जाणतोच. धूमकेतूने मागे टाकलेला वाळूच्या कणाएवढा खडा वातावरणात शिरतो आणि जमिनीपासून साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर पेटतो. पहाटेकडे उल्का वाढतात, कारण तेव्हा आपण पृथ्वीच्या पुढच्या, म्हणजे ती धावते त्या दिशेच्या बाजूला आलेलो असतो.

मे महिन्याच्या ८ ते १० तारखांच्या सुमारास स्वरमंडल तारकासमूहातून एक छोटा वर्षाव होतो. त्याचा उद्गमबिंदू, म्हणजे उल्का जिथून निघाल्यासारख्या भासतात ती जागा, ठळक अभिजित ताऱ्याजवळ असतो. रात्री नवाच्या सुमारास तो ईशान्येला उगवतो आणि पहाटेपर्यंत उंच चढतो. आदर्श आकाशातही ताशी तीनेकच उल्का. त्यांचा जनक असलेला आयरास-अराकी-अल्कॉक धूमकेतू मे १९८३ मध्ये पृथ्वीपासून जेमतेम ४७ लाख किलोमीटरवरून गेला. तो उपग्रहाने टिपला, तसाच जपानमधल्या अराकी आणि इंग्लंडमधल्या अल्कॉक या हौशी निरीक्षकांनीही शोधला.

त्याच आठवड्यात कुंभ राशीतला मोठा वर्षावही चालू असतो. ५-६ मेच्या सुमारास तो ऐन भरात येतो. शततारका नक्षत्राचा हा भाग रात्री दोननंतर पूर्वेला उगवतो. या उल्का हॅलेच्या धूमकेतूच्या; वेग सेकंदाला ६६ किलोमीटर, आणि कित्येकींच्या मागे क्षणभर धुरकट रेघ रेंगाळते. याच धूमकेतूची धूळ ऑक्टोबरमध्ये मृगातून पुन्हा भेटते, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे.

दोन्ही वर्षाव वेगळे ओळखायचे कसे? उल्केची रेघ मनात मागे वाढवायची. ती अभिजितकडे गेली आणि वेग मध्यम असला, तर ती स्वरमंडलातली. कुंभाकडे गेली आणि झपकन सरकली, तर हॅलेची. कुठेच जुळली नाही, तर भटकी. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास द्यायचा, मोबाइल दूर ठेवायचा, विजेरीला लाल कागद लावायचा. वहीत वेळ, तेज, गट आणि आभाळ किती झाकलंय, एवढं लिहायचं. तासाभरात काहीच दिसलं नाही, तर शून्य लिहायचं. कोरडं साल हिशेबातून वगळून पाण्याचा अंदाज बांधता येत नाही, तसंच हे.

या शून्याला मोल आहे. युरोपातून कुंभातला उद्गमबिंदू उजाडण्याआधी जेमतेम वर येतो. आपल्याकडे मात्र तो तीसेक अंश चढतो. शिवाय अमेरिकेत दिवस असतो तेव्हा इथे रात्र असते, म्हणून भारतातली नोंद जगाच्या साखळीतला तुटका दुवा जोडते. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना हौशी निरीक्षकांच्या नोंदीही स्वीकारते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणते आहे. दुर्बीण लागत नाही, खर्च नाही. गावोगावच्या शाळांनी येत्या मेमध्ये चार मुलांना चार दिशा वाटून द्याव्यात आणि एकेका रात्रीची वही भरावी. त्या नोंदी जगाच्या कामी येतील.