भिगवणला जाण्याआधी आपलं परसदार बघा

आज सकाळी घरामागच्या उसात पिवळ्याधमक डोक्याचा सुगरण नर दिसला. पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडायची, टोक धरून उडायचं, की लांब धागा सुटतो. बघत राहावं असं काम!

खोपा विणतो तो नरच. निम्मा झाला की पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून तपासते. पसंत पडला तरच खालची लांब नळी पूर्ण होते. मग गडी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर अर्धवट खोपे लटकलेले दिसतात, त्यातले बरेच नापसंत झालेले.

हिवाळ्यात भिगवण, कुंभारगावला रोहित पक्षी बघायला लांबून लोक येतात. जरूर जा. पण बारामती-इंदापूरच्या परसातही बुलबुल, दयाळ, शिंजीर, शिंपी रोज असतात. दुर्बिणीवाचून दिसतात.

पसरट मातीच्या भांड्यात पाणी ठेवा, रोज बदला. घरट्याजवळ जाऊन फोटो मात्र काढू नका.

तुमच्याकडे कोण येतं? ओळखता न आलेला पक्षी असेल तर वर्णन लिहा, मिळून ओळखू.